दार

हीऊमा बेटावरच्या बालवाडीत मी स्वयंपाकीण आहे.
सकाळी सातला ओटची पेज चढवते,
आणि मंगळवारी, त्याच पातेल्यात, खळ.
खळ पातळ झाली तर राजवाडा बसतो,
घट्ट झाली तर राजाची दाढी कपाळाला चिकटते.
हे कुणी शिकवलं नाही मला.
दोन राजवाडे बसले, तेव्हा कळलं.

नोव्हेंबर. तीनलाच काळोख.
वाऱ्यामुळे दोन दिवस बोट नाही,
बोट नाही म्हणून सोनेरी कागद नाही.
"मग मुकुट कशाचे करू?"
हिल्येबाई माझ्या चुलीपाशी येऊन उभ्या.
मी फडताळातून काढून दिले
लोण्याच्या वड्यांचे चंदेरी कागद,
धुऊन, नखाने सपाट करून ठेवलेले.
कशासाठी ठेवत होते, देव जाणे.
पाच राजे झाले, दोन राण्या.
सगळ्यांच्या डोक्याला लोण्याचा वास,
आणि आमची मांजर दिवसभर दरबारात.

दुधाच्या खोक्यांचे बुरूज,
अंड्यांच्या पुठ्ठ्याचा राक्षसाचा कणा,
जुनिपरच्या चार फांद्या म्हणजे घनदाट अरण्य.
उकूला लांडगा व्हायचं होतं.
त्याने आजोबांचा मासेमारीचा मोजा आणला,
करडा, टाचेला भोक पडलेला,
आणि शेपूट म्हणून मागे खोचला.
मिर्टेल म्हणाली, मी राणी.
रोसी म्हणाली, मीच राणी.
थोडं रडणं झालं.

आइले तेवढी गप्प.
साडेचार वर्षांची, बुटांच्या नाड्या कायम सुटलेल्या.
"तू कोण होणार?"
"मी दार."
"दाराला बोलायचं नसतं गं काही."
"माहीत आहे."
ती दोन खुर्च्यांच्या मधे जाऊन उभी राहिली,
हात पसरून, चेहरा अगदी लाकडी.
मी तिच्या हातात माझी लाकडी पळी आडवी दिली.
दाराला अडसर नको का?

मग टेबलाखालच्या राज्यातून गाणं सुरू झालं,
मुलांनी तिथल्या तिथे रचलेलं:
    दार दार, घट्ट दार,
    बाहेर लांडगा उभा फार!
    शेपूट मोठी, पोट रितं,
    आत नको रे, जा तू तिथं!
"उभा फार" म्हणजे काय, कोण विचारणार.
सातजण सात सुरांत.

लांडगा आला. गुरगुरला. बरा गुरगुरला.
मग थबकला:
दार वाजवायचं, पण कुठे?
पोटावर? नाकावर?
विचार करून त्याने आइलेच्या खांद्यावर
एका बोटाने टकटक केलं,
झोपलेल्याला उठवावं तसं.
आणि पुढचं विसरला.

राज्य वाट पाहत राहिलं.
मागून हिल्येबाई ओठ हलवत होत्या, खाईन, खाईन.
उकूने मोज्याचं भोक चाचपलं
आणि म्हणाला,
"बाहेर थंडी आहे."

हे कुणीच ठरवलं नव्हतं.

कर्रर्र.
आइलेच्या तोंडून आला तो आवाज,
बिजागऱ्यांना वर्षभर तेल नसावं तसा लांब.
अडसर खाली आला,
एक हात हळूहळू भिंतीकडे वळला,
आणि लांडगा वाकून आत गेला.

केवढा गहजब!
"दाराने आपणहून उघडायचं नसतं!"
दोन्ही राण्या पहिल्यांदाच एका बाजूला.
"राणीने सांगायला पाहिजे!"
आइलेने मान वळवली नाही. दारच ती.
"तुम्ही आत होता," म्हणाली,
"मला दोन्हीकडचं ऐकू येतं."

लांडग्याला टेबलाखाली जागा झाली,
मांजरीच्या शेजारी.
रोसीने त्याला खोटी पेज वाढली
आणि खोटी साखर, तीन चमचे.

साडेचारला आया यायला लागल्या,
टोप्यांवर बर्फ, हातात टॉर्च.
आइले दोन खुर्च्यांमधून हलेना.
"मी गेले तर दार कुठे राहील?"
तिच्या आईने बॅग खाली ठेवली,
खांद्यावर एका बोटाने टकटक केलं,
आणि तिला, उघडीच्या उघडी, उचलून नेलं.

माझी पळी तिच्याबरोबर गेली.
बुधवारी पेज मी काट्याने ढवळली.
जरा लागली खाली.